भाषेच्या पोटातली चूक

संगणकाच्या प्रात्यक्षिकाचा तास संपत आला होता. एक विद्यार्थिनी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसली होती. तिच्या प्रोग्रॅमचे उत्तर काही केल्या बरोबर येत नव्हते. मी जवळून जाऊ लागताच तिने विचारले, "सर, उत्तर चुकले की चूक आपली, असे तुम्ही नेहमी म्हणता. पण ज्या भाषेत मी हा प्रोग्रॅम लिहिला ती पायथॉन भाषाच कुठे चुकत असेल तर?"

घंटा झाली होती, पुढची तुकडी दाराशी उभी होती. "भाषा चुकत नसते, आधी आपले तपास," असे सांगून मी वेळ मारून नेली. तिची चूक शेवटी तिच्याच सातव्या ओळीत सापडली आणि वर्गापुरता प्रश्न मिटला. माझ्या मनातून मात्र तो जाईना; कारण मी दिलेले उत्तर सोयीचे होते, खरे नव्हते. भाषाही चुकते. ती माणसांनी घडवलेली वस्तू आहे, आणि माणसाच्या हातच्या वस्तूत जे गुणदोष यायचे ते तिच्यातही येतात. तिला त्या दिवशी द्यायचे राहिलेले उत्तर या लेखात देण्याचा विचार आहे.

भाषा म्हणजे तरी काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण 'पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिला' असे म्हणतो तेव्हा यंत्राला पायथॉन समजते असे वाटते. यंत्राला ती मुळीच समजत नाही. आपण लिहिलेला मजकूर वाचणारा, त्याचा अर्थ लावणारा आणि तो अमलात आणणारा दुसरा एक प्रोग्रॅम संगणकात असतो. सर्वाधिक वापरात असलेला हा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला असून त्याला सीपायथॉन म्हणतात. आपला मजकूर तो आधी व्याकरणाप्रमाणे तपासतो, मग बाइटकोड नावाच्या छोट्या छोट्या आज्ञांत त्याचे रूपांतर करतो आणि शेवटी एका मोठ्या आवर्तनात त्या आज्ञा एकेक करून पार पाडतो. यादी, शब्दकोश, संख्या, अक्षरमाला अशा ज्या वस्तू आपण सहज वापरतो, त्यांतील प्रत्येकीमागे सी भाषेतील शेकडो ओळी राबत असतात.

या भाषेचा जन्म नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथे झाला. तेथील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करणाऱ्या खिदो फान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, तिचे काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिचे मूळ लिखाण सर्वांसाठी खुले केले. मूळ लिखाण खुले करणे याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. केवळ चालणारा प्रोग्रॅम फुकट दिला असे नव्हे, तर तो ज्या ओळींनी बनला त्या सर्व ओळी कोणीही वाचाव्या, बदलाव्या, आपल्या कामासाठी घ्याव्या, अशी परवानगी दिली. यालाच ओपन सोर्स म्हणतात. मिठाईवाल्याने पेढ्यांबरोबर कृतीही हातावर ठेवावी आणि "काही चुकले असेल तर सांगा" असे वर म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

आज हे लिखाण इंटरनेटवर सर्वांसमोर असते. एखाद्याला दोष आढळला की तो त्याची नोंद करतो. त्या नोंदीवर चर्चा होते. कोणी दुरुस्ती सुचवली की ती लिनक्स, विंडोज, मॅकओएस अशा निरनिराळ्या प्रणालींवर शेकडो चाचण्यांतून जाते. अधिकार दिलेला दुसरा जाणकार ती ओळ न् ओळ वाचतो आणि मगच ती मूळ लिखाणात सामील होते. भाषेच्या रूपातच मोठा बदल करायचा असेल तर त्याचा सविस्तर लेखी प्रस्ताव मांडावा लागतो. ही पद्धत २००० सालापासून रूढ आहे. २०१८ पर्यंत अखेरचा शब्द खिदो फान रॉसम यांचा असे. त्यांनी तो अधिकार सोडल्यावर, २०१९ पासून, निवडून दिलेले पाच जणांचे मंडळ हे काम पाहते.

दोष शोधण्याची रीत

भाषेच्या अंतरंगातील दोष आपल्या प्रोग्रॅममधील दोषापेक्षा अवघड असतो, कारण तो जिथे घडतो तिथे दिसत नाही. एक उदाहरण घेऊ. सीपायथॉनमधील प्रत्येक वस्तूबरोबर एक आकडा असतो: या वस्तूचा वापर सध्या किती ठिकाणी चालू आहे, हे सांगणारा. नवा वापर सुरू झाला की आकडा एकाने वाढतो, संपला की एकाने कमी होतो, शून्यावर आला की ती वस्तू मोडीत काढून तिची जागा दुसऱ्या कामाला देतात. आता अंतरंग लिहिणाऱ्याने कुठे एक वजाबाकी विसरली तर ती वस्तू कधीच मोडीत निघत नाही. जागा अडून राहते आणि प्रोग्रॅम तासन्‌तास चालला की स्मृती भरत जाते. उलट, एक वजाबाकी जास्त झाली तर फार वाईट. ग्रंथपालाने सर्व प्रती परत आल्या असे समजून पुस्तक रद्दीत काढावे आणि एक वाचक अजून ते वाचतच असावा, तशी अवस्था होते. वाचकाच्या हातातले पान मध्येच दुसऱ्याच पुस्तकाचे होते. प्रोग्रॅम कोसळतो, पण कोसळतो तो चुकीच्या जागेपासून कितीतरी दूर, पुष्कळदा पूर्णपणे निर्दोष अशा ओळीवर.

अशा वेळी जाणकार मंडळी काय करतात? त्यांची रीत साधी आहे आणि ती आपल्या प्रत्येकाला उपयोगी पडणारी आहे.

पहिली पायरी म्हणजे दोष पुन्हा घडवून आणणे, आणि तोही शक्य तितक्या थोड्या ओळींत. हजार ओळींचा प्रोग्रॅम कोसळत असेल तर त्यातील अनावश्यक भाग काढत काढत दहा ओळींवर यायचे. "कधी कधी बंद पडते" ही तक्रार झाली. "या दहा ओळी चालवल्या की दर वेळी बंद पडते" हा पुरावा झाला.

दुसरी पायरी म्हणजे भाषेची तपासणीसाठीची आवृत्ती तयार करणे. सीपायथॉन बांधताना एक पर्याय दिला की त्याच्या पोटात जागोजागी लिहून ठेवलेल्या तपासण्या जाग्या होतात: 'इथे हा आकडा ऋण असता कामा नये', 'इथे ही यादी रिकामी असता कामा नये'. त्यामुळे प्रोग्रॅम हळू चालतो, पण नियम मोडला की तिथल्या तिथे थांबतो. दूर जाऊन कोसळत नाही.

तिसरी पायरी इतिहासाची. काल बरोबर चालणारी गोष्ट आज चुकत असेल, तर मधल्या कोणत्या बदलाने ती बिघडवली हे शोधायचे. मध्ये १,०२४ बदल झाले असतील तर एकेक तपासण्याची गरज नसते. मधला बदल घ्या. तेथपर्यंत बरोबर असेल तर दोष पुढच्या निम्म्यात, नसेल तर मागच्या निम्म्यात. असे निम्मे करत गेले की दहा खेपांत अपराधी सापडतो.

आणि शेवटची पायरी: दोष दुरुस्त झाल्यावर त्या दहा ओळी चाचण्यांच्या संग्रहात कायमच्या ठेवायच्या, म्हणजे तोच दोष पुन्हा चोरपावलांनी आत येणार नाही.

ही रीत उत्तम आहे. पण तिचा सारा डोलारा पहिल्या पायरीवर उभा आहे. दोष कोणालातरी दिसला पाहिजे. जो दोष कधी दिसतच नाही, त्याचे काय करायचे? अशा एका दोषाची हकिगत आता सांगतो. ती मी मुद्दाम निवडली आहे, कारण त्या दोषाची जागा आपण सर्व जण रोज वापरतो.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे

यादी क्रमाने लावणे हे संगणकाचे अगदी नेहमीचे काम. पायथॉनमध्ये त्यासाठी एकच शब्द लिहावा लागतो. त्या शब्दामागील पद्धत टिम पीटर्स यांनी २००२ साली लिहिली. जुलै २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.३ या आवृत्तीपासून ती सर्वांच्या हाती आली. त्यांच्याच नावावरून तिला टिमसॉर्ट म्हणतात. ती समजण्यासाठी आपल्या परीक्षा विभागात डोकावून पाहणे पुरेसे आहे.

समजा, सातशेच्या आसपास उत्तरपत्रिका बैठक क्रमांकाप्रमाणे लावायच्या आहेत. अनुभवी कारकून त्या सगळ्या विस्कटून पहिल्यापासून लावत बसत नाही. एकेका खोलीतून आलेल्या उत्तरपत्रिका बहुधा आधीच क्रमाने असतात, हे त्याला ठाऊक असते. तो असे आयते गठ्ठे ओळखतो आणि मग दोन दोन गठ्ठे एकमेकांत मिसळून मोठा गठ्ठा करतो. टिमसॉर्ट हेच करते. यादीत डावीकडून उजवीकडे जाताना आधीच क्रमाने असलेला सलग भाग सापडला की तो एक गठ्ठा. फारच लहान असेल तर पुढचे थोडे घटक त्यात योग्य जागी बसवून त्याला किमान लांबीचा करायचे. प्रत्यक्षातील माहिती बहुधा अर्धीमुर्धी लागलेलीच असते, म्हणून ही पद्धत व्यवहारात फार वेगवान ठरते.

मात्र एक बंधन आहे. दोन उत्तरपत्रिका समान ठरल्या तर मूळ यादीतील त्यांचा क्रम बदलता कामा नये. उदाहरणार्थ, नावाप्रमाणे लावलेली यादी नंतर गुणांप्रमाणे लावली, तर समान गुणांच्या विद्यार्थ्यांची नावे पूर्वीच्याच क्रमाने राहिली पाहिजेत. यासाठी फक्त शेजारशेजारचे गठ्ठेच मिसळता येतात, लांबचे नाहीत.

आता प्रश्न असा की, मिसळायचे केव्हा? प्रत्येक नवा गठ्ठा लगेच आधीच्यात मिसळला, तर एका प्रचंड गठ्ठ्यात पुन्हा पुन्हा लहान गठ्ठा मिसळण्यात श्रम वाया जातात. मिसळण्याचे काम शेवटपर्यंत लांबवले, तर सर्व गठ्ठ्यांची नोंद ठेवायला भरपूर जागा लागते. टिम पीटर्स यांनी मधला मार्ग काढला. गठ्ठ्यांच्या लांबीची नोंद एकावर एक अशा चवडीत ठेवायची आणि चवडीत नेहमी दोन नियम पाळायचे:

एक, कोणताही गठ्ठा त्याच्या वरच्या दोन गठ्ठ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असला पाहिजे.

दोन, कोणताही गठ्ठा त्याच्या लगेच वरच्या गठ्ठ्यापेक्षा मोठा असला पाहिजे.

नवा गठ्ठा वर ठेवल्यावर नियम मोडत असेल तर नियम पुन्हा जमेपर्यंत शेजारचे गठ्ठे मिसळत राहायचे. हे नियम पाळले तर खाली जाता जाता लांब्या झपाट्याने वाढतात. प्रत्येक पायरीवर आधीच्या दोहोंच्या बेरजेहून अधिक. मात्रावृत्तांच्या मोजणीत हेमचंद्राने बाराव्या शतकात सांगितलेली आणि पुढे फिबोनाचीच्या नावाने जगभर प्रसिद्ध झालेली जी श्रेणी, तिच्याच चालीने ही वाढ होते. म्हणून चवड कधीच फार उंच होत नाही. टिम पीटर्स यांनी हिशेब करून चवडीसाठी ८५ खण ठेवले. नियम पाळले जात असतील तर ६४ बिटांच्या यंत्रात मावू शकेल अशा कोणत्याही यादीला एवढे खण पुरतात.

हा सगळा विचार त्यांनी मूळ लिखाणाच्या शेजारीच एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये विस्ताराने लिहून ठेवला. नियम कोणते, ते का, खण किती आणि का तितकेच, हे सारे त्यात आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळेल.

नियम मोडला कुठे?

नियम बरोबर होते. ते पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या ओळींत मात्र एक उणीव राहिली होती. त्या ओळी चवडीच्या फक्त वरच्या टोकाकडे पाहत. वरचे तीन गठ्ठे नियमात बसले की काम संपले, असे त्या मानत. वरचे ठीक असतील तर खालचे ठीक असणारच, कारण खालचे पूर्वी तपासून झालेले आहेत, हा त्यामागचा विचार. ऐकायला तो पटतो. आता कागद-पेन्सिल घ्या.

चवडीत खालून वर ३००, २००, ६० आणि ५० लांबीचे चार गठ्ठे आहेत. तपासून पाहा: ३०० हे २०० आणि ६० यांच्या बेरजेपेक्षा, म्हणजे २६० पेक्षा, मोठे आहे. २०० हे ११० पेक्षा मोठे आहे. ६० हे ५० पेक्षा मोठे आहे. सर्व काही नियमात.

आता ७० लांबीचा नवा गठ्ठा वर आला. ६० हे ५० आणि ७० यांच्या बेरजेपेक्षा, म्हणजे १२० पेक्षा, लहान, नियम मोडला. अशा वेळी मधल्या ५० च्या गठ्ठ्याला दोन शेजाऱ्यांपैकी लहान असलेल्यात मिसळायचे असते. शेजारी ६० आणि ७०. म्हणून ६० आणि ५० मिसळून ११० झाले. चवड आता ३००, २००, ११०, ७० अशी झाली.

वरचे तीन तपासू. २०० हे ११० आणि ७० यांच्या बेरजेपेक्षा, म्हणजे १८० पेक्षा, मोठे. ११० हे ७० पेक्षा मोठे. ठीक, असे म्हणून प्रोग्रॅम इथे थांबे. पण तळाकडे पाहा. ३०० हे २०० आणि ११० यांच्या बेरजेपेक्षा मोठे असायला हवे होते. बेरीज ३१०. नियम मोडलेला आहे आणि तो कोणाच्या लक्षातही आलेला नाही! वर मिसळल्यामुळे ६० च्या जागी ११० आले, आणि पूर्वी तपासलेला खालचा हिशेब शिळा झाला. एवढीच ती गोम.

याचा परिणाम काय? यादी चुकीच्या क्रमाने लागत नाही. सर्व गठ्ठे शेवटी मिसळले जातातच. पण चवड ठरवल्यापेक्षा उंच होऊ शकते. आणि ८५ खणांचा हिशेब नियम पाळले जातात याच भरवशावर केलेला होता.

तेरा वर्षांनंतर

ही उणीव २००२ पासून २०१५ पर्यंत तशीच राहिली. या काळात पायथॉन जगभर पसरली. टिमसॉर्ट इतकी नावाजली गेली की जावा भाषेनेही ती उचलली. २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून ती जावाच्या संग्रहात आहे. अँड्रॉइडनेही ती घेतली. म्हणजे कोट्यवधी यंत्रांवर अहोरात्र ती चालत होती, चाचण्या उत्तीर्ण होत होत्या, आणि उणीव जागच्या जागी होती.

ती सापडली ती कोणाचा प्रोग्रॅम कोसळला म्हणून नव्हे. नेदरलँड्स व जर्मनीतील काही संशोधकांनी, स्टाइन द खाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जावामधील टिमसॉर्ट निर्दोष आहे याची गणिती सिद्धता देण्याचे ठरवले. भूमितीतील प्रमेय सिद्ध करावे तसे, प्रत्येक ओळीनंतर कोणते विधान सत्य असते हे मांडत जायचे, आणि 'की' नावाच्या संगणकीय साधनाने प्रत्येक पायरी पडताळून घ्यायची. त्यांना दोष शोधायचा नव्हता. निर्दोषत्व सिद्ध करायचे होते. पण 'मिसळून झाल्यावर संपूर्ण चवड नियमात असते' या एका विधानाची सिद्धता काही केल्या पूर्ण होईना. ती का अडते हे पाहू लागल्यावर आपण आत्ता कागदावर पाहिला तसा अपवाद त्यांच्या हाती आला. सिद्धता साधत नव्हती, कारण विधानच असत्य होते.

जावामध्ये चवडीसाठी खण बेताचेच, ४० ठेवलेले होते. संशोधकांनी ६,७१,०८,८६४ घटकांची एक यादी मुद्दाम रचून दाखवली; ती क्रमाने लावायला दिली की प्रोग्रॅम खरोखरच कोसळे. पायथॉनचे ८५ खण अपुरे पडण्यासाठी मात्र २ चा ४९ वा घात, म्हणजे सुमारे ५६३ लाख कोटी घटकांची यादी लागली असती. एका घटकाच्या पत्त्याला ८ बाइट धरले तरी नुसती यादी ठेवायला सुमारे ४५ लाख गिगाबाइट स्मृती हवी. इतकी स्मृती कोणाच्याही टेबलावर नाही. व्यवहारात पायथॉनमधील हा दोष कधीच प्रकट झाला नसता.

एक योगायोगही नमूद करण्याजोगा आहे. या संशोधनात ॲमस्टरडॅमच्या त्याच सीडब्ल्यूआय संस्थेचा सहभाग होता, जिथे पायथॉनचा जन्म झाला.

दुरुस्ती कशाला म्हणावे?

खरा धडा यापुढेच आहे. एकच दोष, पण दोन ठिकाणी त्यावर दोन वेगळे उपाय झाले.

पायथॉनच्या मंडळींनी दोष व्यवहारात घडणार नाही हे ठाऊक असूनही त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१५ मध्ये, नियम पाहणारी ओळच सुधारली. वरचे तीन गठ्ठे पाहून न थांबता आणखी एक पायरी खाली पाहायचे, एवढाच बदल. आपल्या उदाहरणात आता ३०० आणि ३१० ची तुलना होते, नियम मोडल्याचे कळते. ११० आणि ७० मिसळून १८० होतात, त्यानंतर २०० आणि १८० मिसळून ३८०, आणि अखेर ३०० व ३८० मिळून ६८० चा एकच गठ्ठा उरतो. एका अटीची भर पडली आणि लिहिलेला नियम व चालणारा प्रोग्रॅम यांचा मेळ बसला.

जावाच्या मंडळींनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी नियमाची ओळ तशीच ठेवली आणि खण ४० चे ४९ केले. नळ गळत असताना खाली मोठी बादली ठेवावी तसा हा उपाय. नियम मोडतो खरा, पण मोडला तरी चवड किती उंच होईल याचा नवा हिशेब केला की झाले, असा त्यामागील विचार होता. पुढे २०१८ साली फ्रान्समधील चार संशोधक टिमसॉर्टचा वेग गणिताने सिद्ध करत असताना त्यांना आढळले की तो नवा हिशेबही चुकला आहे. ४९ खणही पुरेसे ठरत नाहीत. त्यानंतर जावानेही ती ओळच दुरुस्त केली.

मोडलेल्या नियमासह हिशेब मांडणे हे नियम पाळण्यापेक्षा कठीण असते, हे यावरून दिसते. बादली बदलणारा प्रत्येक वेळी पाण्याचा अंदाज बांधत बसतो. नळ दुरुस्त करणाऱ्याला अंदाजाची गरज उरत नाही.

पायथॉनमधील हकिगत तिथेही थांबली नाही. इयान मन्रो आणि सेबास्टियन विल्ड या संशोधकांनी २०१८ मध्ये गठ्ठे मिसळण्याचा क्रम ठरवणारी अधिक चांगली रीत मांडली. तिला पॉवरसॉर्ट म्हणतात. ऑक्टोबर २०२२ च्या ३.११ या आवृत्तीपासून पायथॉनने मिसळण्याचा जुना नियम सोडून ही रीत स्वीकारली. म्हणजे ज्या नियमाची आपण चर्चा केली तो आज पायथॉनमध्ये उरलेलाच नाही. गठ्ठे ओळखण्याची आणि मिसळण्याची टिम पीटर्स यांची मूळ कल्पना मात्र कायम आहे.

राहिलेले उत्तर

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळतो. भाषा चुकते का? होय, चुकते. पण एवढेच उत्तर दिले तर तेही अर्धवट होईल.

आपला प्रोग्रॅम चुकला की भाषेला दोष देणे ही पळवाट आहे, हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. शंभरात नव्याण्णव वेळा चूक आपल्याच सातव्या ओळीत असते. पण 'भाषा चुकत नसते' असे मी म्हणालो तेव्हा मी एका शास्त्रविषयात श्रद्धा शिकवली. मला शिकवायला हवी होती ती तपासणी. भाषा चुकते अशी शंका आली, तर ती दहा ओळींत दाखवून दे. दाखवता आली तर ते लिखाण उघडे आहे, जाऊन पाहा. हे उत्तर तिला मिळायला हवे होते.

दुसरी गोष्ट चाचण्यांची. चाचणी दोष आहे हे दाखवू शकते. दोष नाही हे ती दाखवू शकत नाही. तेरा वर्षांच्या अखंड वापराने जे उघड केले नाही, ते 'हे खरे कशावरून?' या एका प्रश्नाने उघड केले. गणिताच्या तासाला सिद्धता पाठ करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे. सिद्धता ही परीक्षेपुरती कसरत नसून चूक लपायला जागा न ठेवणारी झडती आहे.

आणि तिसरी गोष्ट टिम पीटर्स यांच्या त्या शेजारच्या फाइलची. त्यांनी नुसता प्रोग्रॅम लिहिला असता, तर त्यात नियम मोडतो हे कोणाला कळले असते? नियमच ठाऊक नसता. आपण काय करू पाहतो आणि ते का बरोबर आहे असे आपल्याला वाटते, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले, म्हणूनच तेरा वर्षांनी दुसऱ्या देशातील अनोळखी माणसांना त्यांची चूक पकडता आली. आपली चूक दुसऱ्याला सापडेल अशा रीतीने लिहिणे हा दुबळेपणा नाही. विद्वत्तेचा तो पहिला नियम आहे. आपल्या प्रयोगवहीत, प्रकल्पाच्या अहवालात आणि हो, आम्हा शिक्षकांच्या टिपणांतही तो पाळला गेला पाहिजे.

पुढच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला मी त्या विद्यार्थिनीला ३००, २००, ६०, ५० आणि ७० हे पाच आकडे फळ्यावर लिहून दिले आणि नियम सांगितले. चूक कुठे आहे ते सांगितले नाही. तिने ती दहा मिनिटांत शोधली. मग म्हणाली, "सर, म्हणजे त्या दिवशी चूक तुमचीच होती."

मी ते मान्य केले.